ओ. एम. विरुद्ध लीग : कॉलेजची पायरी गाळलेल्या मुलीचं प्रकरण

२०२१ च्या वसंतात पोर्टलंड थॉर्न्स या संघाच्या सरावाला एक पंधरा वर्षांची मुलगी नेमाने हजर असायची. वर्ल्ड कप खेळून आलेल्या बायकांबरोबर धावायची, त्यांचे पास अडवायची, सराव सामन्यांत उतरायची. सामन्याचा दिवस उजाडला की मात्र तिची जागा मैदानाबाहेर. अठरा पूर्ण झाल्याखेरीज कुणाशी करार करायचा नाही, असा नॅशनल विमेन्स सॉकर लीगचा नियम होता. तिचा खेळ कुणी तोलून पाहिलाच नव्हता, जन्मतारीख आधीच आडवी आली होती.

४ मे २०२१ रोजी या मुलीने पोर्टलंडच्या फेडरल न्यायालयात लीगवर दावा दाखल केला. वादी अज्ञान, म्हणून वडील पालनकर्ते आणि कागदावर नुसती आद्याक्षरं : ओ. एम. लपवण्यात अर्थ नव्हता. ओलिव्हिया मोल्ट्री हे नाव अमेरिकेच्या महिला फुटबॉलमध्ये त्याआधी चार वर्षं गाजत होतं. (फुटबॉल म्हणजे आपला, पायाने खेळायचा. तिकडे त्याला सॉकर म्हणतात. हेल्मेट घालून खेळतात तो त्यांचा फुटबॉल.)

बातम्यांत हे प्रकरण 'गुणी पोरीने नियम मोडला' अशा थाटात आलं. मला त्यात दुसरीच गोष्ट दिसते. मुलगी खेळाडू म्हणून कमवायला लागेपर्यंत तिला पोसायचं, शिकवायचं, घडवायचं कुणी, आणि ती घडली की तिच्यावर हक्क कुणाचा? अमेरिकेत चाळीस वर्षं याचं उत्तर 'कॉलेज' असं एका शब्दात मिळत होतं. मोल्ट्रीच्या दाव्याने ते उत्तर पहिल्यांदा न्यायाधीशासमोर आलं.

कॉलेज हीच पायरी का झाली

१९७२ साली अमेरिकेत 'टायटल नाइन' आलं. सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेला मुलगा-मुलगी असा भेद करता येणार नाही, एवढंच त्या कलमात आहे. खेळाचा शब्दही नाही. पण सर्वांत जास्त हादरा खेळालाच बसला. मोठ्या कॉलेजातला अमेरिकन फुटबॉलचा संघ एकटाच ८५ शिष्यवृत्त्या खायचा. त्या पारड्यासमोर मुलींच्या पारड्यात काहीतरी वजनदार टाकणं भाग होतं. सॉकर सोयीचा पडला : एक मैदान, चार चेंडू आणि पंचवीस-तीस मुली एका दमात हिशेबात. पहिल्या श्रेणीतल्या कॉलेजांना मुलींच्या संघासाठी १४ पूर्ण शिष्यवृत्त्या देता येत, मुलांच्या संघासाठी फक्त ९.९. असे मुलींचे संघ आज तीनशेहून अधिक आहेत.

१९८२ मध्ये एनसीएए या कॉलेज क्रीडासंस्थेची मुलींसाठी पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली आणि ती नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाने जिंकली. पुढे जिंकतच राहिले. प्रशिक्षक अँसन डोरन्स यांच्या हाताखाली या एका विद्यापीठाने एनसीएएची २१ विजेतेपदं मिळवली. अमेरिकेची गाजलेली खेळाडू मिया हॅम तिथलीच. गाण्यात घराणं असतं तसं हे घराणं. तिथे शिकले म्हटलं की पुढचं विचारायची गरज नसे.

आणि व्यावसायिक खेळ? तो उभा राहायचा आणि कोसळायचा. २००१ मध्ये आठ संघांची लीग सुरू झाली, तीन हंगामांत बंद पडली. २००९ ची दुसरी लीगही तीन हंगामांतच आटोपली. २०१३ मध्ये सध्याची लीग आली तेव्हा तिचा किमान पगार होता ६,००० डॉलर. महिन्याचे नव्हेत, अख्ख्या हंगामाचे. म्हणजे बहुतेक मुलींसाठी फुटबॉलमधली खरी कमाई कॉलेजच्या शिष्यवृत्तीच्या रूपाने आधीच होऊन गेलेली असायची. लीग हा नंतरचा हौसेचा भाग.

पालकांनी हे फार लवकर ओळखलं. पोर्टलंडच्या पश्चिमेला बीव्हरटन-हिल्सबरोच्या पट्ट्यात इंटेलमुळे आलेली मराठी घरंही आता बरीच आहेत, आणि शनिवारी सकाळी मुलींना क्लबच्या सामन्यांना नेणाऱ्या गाड्यांत त्यांच्याही गाड्या असतात. क्लबची फी, प्रवास, खास प्रशिक्षण, बूट. सगळा खर्च घरचा. त्या खर्चाच्या टोकाला कॉलेज प्रवेश उभा असतो. आपल्याकडे खेळाच्या वाढीव गुणांसाठी आणि सरकारी नोकरीतल्या पाच टक्के आरक्षणासाठी प्रमाणपत्रांची फाइल जपणारे आई-बाप आठवले, की ही मानसिकता परकी वाटत नाही. फरक इतकाच की आपल्या फाइलच्या शेवटी पोलीस किंवा रेल्वे असते, त्यांच्या शेवटी पदवी.

अकराव्या वर्षी होकार, तेराव्या वर्षी नकार

मोल्ट्रीचा जन्म १७ सप्टेंबर २००५ चा, दक्षिण कॅलिफोर्नियातला. २०१७ मध्ये, अकरा वर्षांची असताना, तिने नॉर्थ कॅरोलायनाच्या शिष्यवृत्तीला होकार दिला. एवढ्या लहान वयात असा जाहीर होकार देणारी तीच पहिली म्हणून तेव्हा बोभाटा झाला. असा तोंडी होकार कायद्याने कुणालाच बांधत नाही. कागदावर सही बारावीत होते. तरी पाचवी-सहावीतल्या मुलीच्या कॉलेजची बातमी व्हावी, यावरून ही शर्यत कुठवर खाली उतरली होती हे कळतं. एनसीएएलाही ते खटकलं असावं. २०१९ मध्ये नियम आला की मुलीची दहावी संपल्यानंतरच्या १५ जूनपर्यंत प्रशिक्षकाने तिच्याशी भरतीची बोलणी करायची नाहीत.

त्याच वर्षी, फेब्रुवारीत, मोल्ट्रीने आपला होकार मोडला. तेराव्या वर्षी तिने एजंट नेमला, नाइकेशी अनेक वर्षांचा करार केला आणि आपण व्यावसायिक खेळाडू झाल्याचं जाहीर केलं. घरचं बिऱ्हाड पोर्टलंडला हललं. नाइकेचं मुख्यालय शेजारच्या बीव्हरटनमध्ये, आणि थॉर्न्ससारखा भरलेल्या स्टेडियममध्ये खेळणारा संघ गावात.

या सहीची किंमत समजून घ्यायला हवी. एनसीएएच्या तेव्हाच्या नियमांप्रमाणे कॉलेज खेळाडू 'हौशी' असलाच पाहिजे. एजंट घेतला, जाहिरातीचे पैसे घेतले, की दार कायमचं बंद. तेरा वर्षांच्या मुलीने चार वर्षांची फुकट पदवी आणि त्या घराण्याची जर्सी एका सहीत सोडली. बदल्यात नाइकेचे पैसे मिळाले, पण खेळायला जागा मिळाली नाही. लीगचं दार अठराला उघडणार. युरोपचंही तेव्हाच, कारण अठराच्या आतल्या खेळाडूला एका देशातून दुसऱ्या देशाच्या क्लबात जायला फिफाची, काही मोजके अपवाद सोडून, बंदी आहे. लिंडसी होरान २०१२ मध्ये नॉर्थ कॅरोलायनाची जागा नाकारून थेट पॅरिसला गेली होती, पण ती अठराची झाली होती. मोल्ट्रीपुढे घराच्या उंबऱ्यावरची एकच लीग होती, आणि तिच्या दाराला कुलूप.

नाइकेसारखी कंपनी मागे असलेल्या मुलीची कीव करावी असं यात फार नाही, हेही मान्य. तिच्याइतकंच चांगलं खेळणाऱ्या पण करार नसलेल्या मुलीला फेडरल न्यायालयात लीगशी लढायला वकील कुठून मिळाला असता? अशा दाव्यांतून होणारे नियम सगळ्यांसाठी असतात, पण लढायची ऐपत मोजक्यांचीच असते.

न्यायालयात नेमकं काय झालं

दावा वयभेदाचा नव्हता, स्त्री-पुरुष भेदाचाही नव्हता. तो मक्तेदारीविरोधी कायद्याखाली होता. १८९० चा शर्मन कायदा म्हणतो की एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या धंद्यांनी संगनमत करून बाजार अडवू नये. मोल्ट्रीच्या वकिलांची मांडणी सरळ होती : लीगमधले दहा संघ खेळाडूंसाठी एकमेकांचे प्रतिस्पर्धी आहेत. त्यांनी मिळून ठरवलं की अठराच्या आतल्या कुणालाच घ्यायचं नाही. एखाद्या संघाने स्वतःपुरतं तसं ठरवलं असतं तर प्रश्न नव्हता. सगळ्यांनी मिळून ठरवणं म्हणजे बहिष्कार.

लीगचं पहिलं उत्तर तांत्रिक होतं. आमच्याकडे सगळे करार लीगच्याच नावावर असतात, आम्ही दहा नसून एकच आहोत, आणि स्वतःशीच संगनमत कसं होईल? दुसरं उत्तर जास्त वजनदार होतं. वयाची अट हा मजुरीच्या अटींचा भाग आहे, आणि खेळाडूंच्या संघटनेबरोबर पहिल्या सामूहिक कराराची बोलणी चालू आहेत. तिथला विषय न्यायालयाने उचलू नये. अमेरिकेत मालक आणि कामगार संघटना यांनी मिळून ठरवलेल्या अटींना मक्तेदारी कायद्यातून सूट मिळते. २००४ मध्ये मॉरिस क्लॅरेट नावाच्या, अमेरिकन फुटबॉल खेळणाऱ्या कॉलेज खेळाडूने त्या खेळाच्या एनएफएल या लीगची वयाशी निगडित अट मोडायचा प्रयत्न केला, तेव्हा तो अपिलात याच मुद्द्यावर हरला होता. पण एनएफएलकडे संघटनेशी झालेला करार होता. या लीगकडे तो अजून व्हायचा होता. खिशात नसलेली सूट दाखवता येत नाही.

न्यायाधीश कॅरिन इमरगट यांनी २४ मेला तात्पुरता आदेश दिला आणि १७ जूनला प्राथमिक मनाई हुकूम : दाव्याचा निकाल लागेपर्यंत लीगने ही अट मोल्ट्रीला लावू नये. हुकूमाचा गाभा मुलांशी केलेल्या तुलनेत आहे. पुरुषांच्या एमएलएस या लीगमध्ये किमान वयाची अशी अट नव्हती. फ्रेडी आडू २००४ मध्ये चौदाव्या वर्षी खेळला होता. आणि पोर्टलंडमध्ये तर हा विरोधाभास एकाच छताखाली नांदत होता. थॉर्न्स आणि पुरुषांचा टिंबर्स संघ, दोघांचं घरचं मैदान प्रॉव्हिडन्स पार्क, दोघांचा मालक तेव्हा एकच. त्याच गवतावर, त्याच मालकाच्या पगारावर पंधरा वर्षांचा मुलगा खेळू शकत होता, पंधरा वर्षांची मुलगी नाही. मुलींना वेगळी वागणूक का, याचं स्पर्धेच्या कायद्यात बसणारं कारण लीगला देता आलं नाही. महिला खेळाडूची कारकीर्द मुळात आखूड, त्यातली तीन वर्षं गेली तर नंतर पैशाने भरून निघत नाहीत, हेही न्यायाधीशांनी ग्राह्य धरलं.

लीगची बाजू, थोडं थांबून

या निकालानंतर लीगला खलनायक ठरवणं सोपं होतं. मला ते पटत नाही.

२०२१ मध्ये लीगचा किमान पगार २२,००० डॉलर होता. स्टॅनफर्डसारख्या खासगी विद्यापीठाचा एका वर्षाचा खर्च त्याच्या तिपटीहून अधिक. म्हणजे अठरा वर्षांच्या सामान्य चांगल्या खेळाडूला लीगने कॉलेजातून उचललं, तर आर्थिक हिशेबात तिचं नुकसानच व्हायचं. अट काढली की मोल्ट्रीच्या मागोमाग अशा कितीतरी जणी येतील, आणि त्यांतल्या बहुतेकींच्या मागे नाइके नसेल. फ्रेडी आडूचं उदाहरण न्यायालयात मुलीच्या बाजूने गेलं, पण ते दुधारी आहे. चौदाव्या वर्षी पेलेशी तुलना झालेला तो मुलगा पुढे देशोदेशीच्या डझनभर क्लबांतून फिरला आणि कुठेच रुजला नाही.

शिवाय लहान मुलगी संघात आली की कपडे बदलायच्या खोलीपासून परगावच्या हॉटेलपर्यंत सगळं बदलावं लागतं. तीस-बत्तीस वर्षांच्या बायकांच्या संघात पंधरा वर्षांची मुलगी ही जबाबदारी आहे, आणि लीगने तसं सांगितलंही.

इथेच प्रकरणाला एक काळी किनार आहे. मनाई हुकूमानंतर चार महिनेही झाले नाहीत तोच, सप्टेंबर २०२१ च्या अखेरीस, लीगमधल्या एका नामवंत प्रशिक्षकाविरुद्ध खेळाडूंनी लैंगिक जबरदस्तीचे आरोप जाहीर केले. तो पूर्वी थॉर्न्सचाच प्रशिक्षक होता. लीगच्या आयुक्तांना राजीनामा द्यावा लागला. पुढच्या वर्षी माजी सरकारी वकील सॅली येट्स यांच्या चौकशी अहवालात लीगभर पसरलेल्या छळाची नोंद झाली, आणि त्याची मुळं लहान मुलींच्या क्लबांपर्यंत जातात असंही त्यात म्हटलं होतं. मुलींच्या सुरक्षिततेसाठी त्यांना बाहेर ठेवतो, असं म्हणणाऱ्या घरात मोठ्या बायकाही सुरक्षित नव्हत्या. त्यामुळे लीगचा मुद्दा खोटा ठरत नाही, उलट जास्तच खरा ठरतो. फक्त तो मांडायचा अधिकार लीगने घालवला होता.

दोन आठवडे

या प्रकरणातल्या तारखा एका ओळीत ठेवल्या की मला अजून गंमत वाटते.

१७ जूनला मनाई हुकूम. चार दिवसांनी, २१ जूनला, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ऑल्स्टन खटल्यात एनसीएएविरुद्ध एकमताने निकाल दिला : शिक्षणाशी निगडित फायदे देण्यावरची तिची मर्यादा याच शर्मन कायद्याचा भंग करते. ३० जूनला थॉर्न्सने मोल्ट्रीशी तीन वर्षांचा करार केला. आणि १ जुलैपासून एनसीएएने कॉलेज खेळाडूंना स्वतःच्या नावावर, चेहऱ्यावर पैसे कमवायची मुभा दिली.

म्हणजे नाइकेचा पैसा घेतला म्हणून २०१९ मध्ये ज्या दाराला कुलूप लागलं, ते दार तिने व्यावसायिक करार केल्याच्या दुसऱ्या दिवशी उघडलं. चार वर्षं नंतर जन्मली असती तर जाहिरात आणि कॉलेज, दोन्ही तिला जमलं असतं. चूक कुणाची नाही. व्यवस्था बदलत असताना मधल्या काळात सापडणाऱ्यांचं असं होतं.

करारातली एक गोष्ट मात्र सुटायला नको. थॉर्न्सने तिला दोन वर्षं सरावात वाढवलं, तरी तिच्याशी बोलणी करायचा हक्क लीगच्या नोंदीत शेजारच्या वॉशिंग्टन राज्यातल्या ओएल रेन या संघाकडे होता. थॉर्न्सला तो ड्राफ्टमधली, म्हणजे नव्या खेळाडू संघांत वाटून घ्यायच्या पद्धतीतली, आपली एक निवड देऊन विकत घ्यावा लागला. वयाचं कुलूप न्यायालयाने काढलं, पण खेळाडूवर आधी कुणी नाव घातलं याची वही जागच्या जागी होती.

३ जुलैला लुइव्हिलविरुद्ध ती बदली खेळाडू म्हणून उतरली. वय १५ वर्षं २८९ दिवस, लीगमध्ये खेळलेली तोवरची सर्वांत लहान खेळाडू. दावा पुढे दोन्ही बाजूंनी मिटवला, त्यामुळे वयाच्या अटीवर अंतिम निकाल कधी लागलाच नाही. कायद्याच्या पुस्तकात हा पूर्ण विजय नाही. व्यवहारात तो होता.

दार उघडल्यावर कोण आलं

खरं तर कॉलेजमधून गळती आधीच सुरू झाली होती. मॅलरी प्यू (आता स्वॉन्सन) २०१७ मध्ये यूसीएलए या विद्यापीठात गेली आणि एकही अधिकृत सामना न खेळता लीगमध्ये आली. ट्रिनिटी रॉडमनने वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठात नाव घातलं, करोनाने हंगाम पुढे ढकलला, आणि ती जानेवारी २०२१ च्या ड्राफ्टमध्ये अठराव्या वर्षी दुसऱ्या क्रमांकावर निवडली गेली. कॉलेजचा एकही सामना न खेळता. त्याच वर्षी तिच्या संघाने लीग जिंकली, आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये तिने चार वर्षांचा ११ लाख डॉलरचा करार केला. २२,००० किमान पगाराच्या लीगमध्ये हा आकडा आला, तेव्हा कॉलेज आणि लीग यांच्यातला जुना हिशेब, निदान वरच्या थरापुरता, उलटा झाला.

२०२२ च्या सुरुवातीला लीगचा पहिला सामूहिक करार झाला, किमान पगार ३५,००० वर गेला. त्याच वर्षाच्या शेवटी अठराच्या आतल्या मुलींसाठी रीतसर प्रवेशाचा नियम आला. जानेवारी २०२३ मध्ये अलिसा थॉम्प्सन स्टॅनफर्डची जागा सोडून हायस्कूलमधून थेट ड्राफ्टमध्ये आली आणि पहिल्या क्रमांकावर लॉस एंजेलिसच्या संघात गेली. मोल्ट्रीचा 'सर्वांत लहान' हा विक्रमही त्याच हंगामात पंधरा वर्षांच्याच दुसऱ्या मुलीने मोडला. विक्रम दोन वर्षांत मोडतो तेव्हा तो अपवादाचा राहत नाही.

मग राहिला ड्राफ्ट. बाहेरच्याला हा प्रकार समजावणं कठीण जातं. कॉलेज संपवून येणाऱ्या मुलींची यादी, आणि संघ पाळीपाळीने नाव घेतात. गेल्या हंगामात तळाला राहिलेल्याची पाळी आधी. मुलीने शहर निवडायचं नाही, संघ निवडायचा नाही. कॅम्पस प्लेसमेंटमध्ये कंपन्यांनी आपसात चिठ्ठ्या टाकून विद्यार्थी वाटून घ्यावेत तसं. शर्मन कायद्याच्या नजरेने पाहिलं तर तेही संगनमतच, फक्त संघटनेच्या सहीमुळे चालणारं. युरोपात असलं काही नाही. चेल्सीला हवी ती खेळाडू चेल्सी थेट विचारते. ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकेतच यूएसएल सुपर लीग ही दुसरी अव्वल लीग ड्राफ्टशिवाय सुरू झाली. चांगल्या मुलीला 'आमच्याकडे ये, पण कुठल्या गावात ते आम्ही सांगू' म्हणायची चैन आता परवडणारी नव्हती.

२२ ऑगस्ट २०२४ ला नवा सामूहिक करार जाहीर झाला, २०३० पर्यंतचा. ड्राफ्ट रद्द. मुदत संपलेली प्रत्येक खेळाडू मोकळी. संमतीशिवाय अदलाबदल नाही. किमान पगार २०२५ मध्ये ४८,५००, आणि २०३० पर्यंत ८२,५००. अमेरिकेतल्या मोठ्या व्यावसायिक लीगपैकी ड्राफ्ट मोडीत काढणारी ही पहिली, आणि ती महिलांची. पुरुषांच्या बलाढ्य लीग अजून तो वापरतात.

त्याच्या बाराच दिवस आधी, १० ऑगस्टला, पॅरिस ऑलिंपिकची अंतिम लढत झाली. अमेरिकेने ब्राझीलला १-० हरवलं, गोल स्वॉन्सनचा. त्या संघाची मांडणी मला या सगळ्या प्रकरणाचा नकाशा वाटते. आघाडीच्या तिघींत स्वॉन्सन आणि रॉडमन कॉलेजात न खेळलेल्या, आणि सोफिया स्मिथ स्टॅनफर्ड दोन वर्षांत सोडून आलेली. पाठीमागे मात्र कॉलेजच कॉलेज. गोलरक्षक अलिसा नेअर पेन स्टेटची, क्रिस्टल डन आणि एमिली फॉक्स नॉर्थ कॅरोलायनाच्या, नाओमी गिर्मा स्टॅनफर्डची. गिर्माला विद्यापीठात असताना गुडघ्याची मोठी दुखापत झाली होती. कॉलेजात असं वर्ष वाया गेलं तरी वर्ग चालू राहतात, जागा राहते. तिने अभ्यास पूर्ण केला, २०२२ च्या ड्राफ्टमध्ये पहिली निवडली गेली, आणि जानेवारी २०२५ मध्ये चेल्सीने तिच्यासाठी ११ लाख डॉलर मोजले. महिला फुटबॉलमधली दहा लाखांपलीकडची ती पहिली बदली.

यावरून माझा एक तर्क आहे, तर्कच. वेग आणि धाडस सतराव्या वर्षीही असतं, म्हणून आघाडीच्या मुली लवकर निघतात. बचाव करायला खेळ आधी वाचावा लागतो, त्याला वेळ लागतो, आणि कॉलेजकडे देण्यासारखी मोठी गोष्ट वेळच आहे. अर्थात तिथला खेळही थोडा निराळा. घड्याळ ४५ पासून उलटं चालतं, मध्ये थांबवलं जातं, बाहेर काढलेली खेळाडू पुन्हा आत येऊ शकते. दमलेल्या पायांनी नव्वद मिनिटं डोकं शांत ठेवायची सवय त्यात कमी लागते, अशी तक्रार जुनीच. सगळा मुख्य हंगाम ऑगस्ट ते डिसेंबरात कोंबलेला, बाकी वर्ष सराव. सतराव्या वर्षी रोज वरच्या दर्जाचा खेळ हवा असलेल्या मुलीला हे अपुरं वाटतं, आणि तिचं चुकत नाही.

कॉलेजांचीही घडी विस्कटली आहे. खेळाडूंनी एनसीएएवर केलेल्या दाव्यात जून २०२५ मध्ये मंजूर झालेल्या तडजोडीनंतर, त्यात सामील झालेल्या कॉलेजांवरची १४ शिष्यवृत्त्यांची मर्यादा गेली आणि संघ जास्तीत जास्त २८ जणींचा झाला. त्याचबरोबर कॉलेजं आता खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात, पहिल्या वर्षी एकूण सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत. त्यातला मोठा वाटा अमेरिकन फुटबॉल आणि बास्केटबॉलकडे जाणार हे सांगायला ज्योतिषी नको. टायटल नाइनने ज्या पारड्यात मुलींचं सॉकर टाकलं होतं, ते पारडं आता पैशाच्या वाऱ्यावर हलतं आहे.

डोरन्स यांनी ऑगस्ट २०२४ मध्ये, हंगामाच्या तोंडावर, निवृत्ती घेतली. त्यांच्यामागे हंगामी प्रशिक्षकाच्या हाताखाली नॉर्थ कॅरोलायनाने त्या डिसेंबरात बाविसावं विजेतेपद मिळवलं. शेवटच्या ड्राफ्टमध्ये, जानेवारी २०२४ मध्ये अनाहाइमला, पहिलं नाव पुकारलं गेलं तेही नॉर्थ कॅरोलायनाच्याच ॲली सेंटनरचं. घराणं काही मिटलेलं नाही.

मोल्ट्री थॉर्न्समध्येच राहिली. पहिलं वर्ष बहुतेक बाकावर गेलं. २०२२ च्या जूनमध्ये, सोळाव्या वर्षी, तिने लीगमधला पहिला गोल केला, आणि त्या वर्षी थॉर्न्सने विजेतेपद मिळवलं. डिसेंबर २०२३ मध्ये राष्ट्रीय संघात आली. २० फेब्रुवारी २०२४ ला कॅलिफोर्नियात कार्सनला, म्हणजे ती लहानाची मोठी झाली त्याच परिसरात, डॉमिनिकन रिपब्लिकविरुद्ध तिने देशासाठी पहिला गोल केला. लीगची जुनी अट कायम असती, तर व्यावसायिक करारावर सही करायला पात्र होऊन तिला त्या दिवशी पाच महिने झाले असते.